गळ्यातला जंपर

नाशकात द्वारकेला मामाच्या घरी जेवायला बसताना हात धुतले का असं कुणी विचारायचं नाय. मामा आधी गळ्याकडं बघायचा. गळ्यात जंपर दिसला तर ताट वाढलं जायचं. नाय दिसला तर ताट राहू दे, आधी सायकल काढ आणि ज्या बिल्डिंगीत विसरलास तिथून घेऊन ये. मी कित्येकदा भरल्या ताटावरनं उठलोय. एकदा तर पार सिडकोपर्यंत जाऊन आलो, वॉचमनशी भांडलो, लिफ्टच्या मशीनरूममधे रांगत शोधलं, आणि घामाघूम होऊन परत आलो तर मामी म्हणाली, "अरे, पाठीवर लोंबतोय की." जाताना पण तिथंच लोंबत होता. मामानं बघितला होता. मामी त्याला म्हणाली, "अहो, सांगायचं ना पोराला." मामा भाकरी मोडत म्हणाला, "आपल्याला पाठ असती हे त्याला कधीतरी कळायला पायजे."

जंपर म्हणजे काय फार मोठी वस्तू नाय. हातभर वायर, दोन्ही टोकांना दात असलेले चिमटे, आणि मधोमध मामीच्या जुन्या साडीची लाल चिंधी बांधलेली. आमचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. तवाच्या लिफ्टा म्हणजे जाळीच्या दाराच्या, हातानं सरकवायच्या. दार नीट लागलं नाय तर लिफ्ट जागची हलायची नाय. दाराच्या वरच्या कोपऱ्यात एक डबी असायची. दार लागलं की डबीतले दोन पत्रे एकमेकाला चिकटायचे आणि करंट पुढं जायचा. आता लिफ्ट बंद पडली आणि बिघाड कुठं हाय ते कळत नसलं, तर एकेका डबीला जंपर लावून बघायचं. जंपर लावला की लिफ्टला वाटतं दार लागलंय. बिचारी फसते आणि चालू होते. मग कळतं की दुखणं ह्याच डबीत हाय. दुरुस्ती करायची आणि जंपर काढून गळ्यात घालायचा. हे शेवटचं महत्त्वाचं. जंपर तिथंच राहिला तर दार सताड उघडं असलं तरी लिफ्ट पळते, आणि एखाद्याचा पाय बाहेर राहिला असला तर पाय बाहेरच राहतो. म्हणून ती लाल चिंधी, म्हणून ते गळ्यात घालणं, म्हणून मामाचं ते जेवायच्या आधी गळा तपासणं. मामी आम्हाला चिडवायची, "घाला घाला, तुमचं मंगळसूत्र घाला."

ह्याला जंपर का म्हणतात हे मी पहिल्याच आठवड्यात मामाला विचारलं होतं. मामा म्हणाला, "गावाकडं पाट फुटला तर काय करतो? फुटल्या जागी पन्हळ टाकून पाणी पलीकडं काढतो ना? तसंच हे. करंट तुटल्या जागी येऊन थांबतो, त्याला वरच्यावर उडी मारायला लावायची. उडी म्हणजे जंप. म्हणून जंपर."

मी म्हणलं, "मग सरळ पन्हळ म्हणायचं."

"साहेबानं नाव ठेवलं तवा तू बारशाला नव्हतास," मामा म्हणाला.

मी चौथीतनं शाळा सोडलेली, म्हणजे खरं तर शाळेनंच मला सोडलं, त्यामुळं मला हे उत्तर एकदम पटलं. गोंधळ फक्त आईचा झाला. आमच्या नामपूरकडं बायकांच्या ब्लाऊजला झंपर म्हणतात. पहिल्या दिवाळीला मी गावी जाऊन ऐटीत सांगितलं की मी जंपर गळ्यात घालून नाशकात फिरतो, तर आईनं दोन दिवस मला बाहेर सोडलं नाय. वर मामी नेमकी ब्लाऊजच शिवायची. त्यामुळं आईला वाटलं भावानं पोराला बायकोच्या हाताखाली लावलं. आता म्हातारपणी मी कुठंही लिफ्टमधे शिरलो की आधी दाराच्या कोपऱ्याकडं बघतो. हल्लीच्या लिफ्टला डबीच दिसत नाय. आतून रेकॉर्डची बाई गोड आवाजात मजला सांगते. मी तिला नमस्कार करतो, नातवंडं लाजतात.

मामाचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा व्हरांडा. व्हरांड्यात मामाचा संसार, म्हणजे जळक्या मोटारी, रिले, ग्रीसचे डबे. आतल्या खोलीत मामीचं शिलाई मशीन. द्वारकेचा चौक इतका जवळ की ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला की मामीची टीप वाकडी जायची. मामा रिलेची कळ दाबून बघायचा, टक्‌कन आवाज यायचा, आत मामीचं खडखड सुरू, बाहेर ट्रक, आणि मधे मी शेवभाजीत भाकरी कुस्करत बसलेलो. मामीच्या शेवभाजीचा तवंग असा असायचा की पोटात गेल्यावरच ती तिखट हाय का जहाल हाय ते कळायचं. त्या घरात मला पहिल्यापासून सगळं जास्त मिळायचं. मामाच्या बंडूला, म्हणजे माझ्या मामेभावाला, एक पापड तर मला दोन. भाकरीवर तूप मला, सायीचं ताक मला. मी नको म्हणलं तरी मामी वाटी कलती करायची आणि म्हणायची, "जावयाला नको म्हणायचा हक्क नसतो."

जावई. हेच ते. मामाला संगीता नावाची मुलगी, आणि आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत. मी पाळण्यात असताना आईनं आणि मामानं ठरवून टाकलं होतं. माझ्या वडलांच्या मागं आईला आधार फक्त भावाचा. दर सणाला मामाकडनं गोणी यायची, अडीअडचणीला मामा यायचा. नाशकाला निघताना एस.टी.च्या खिडकीतनं आई म्हणाली होती, "भाऊनं घर शे, परकं नही. नीट ऱ्हायजो." घर भावाचं, परकं नाय, हे कळलं; पण नीट राहायचं म्हणजे मला तवा वाटलं भांडीकुंडी फोडायची नायत. नंतर कळलं की नीट राहायचं म्हणजे हलायचंच नाय. गल्लीतला चहावाला मला जावईबापू म्हणायचा. न्हावी जावईबापू म्हणायचा. एकदा एका गिऱ्हाइकानं मला मामादेखत हाक मारली, "ओ लिफ्टवाले जावई!" मामा खूश होऊन त्याला बिलात सूट देऊन आला.

मला लग्न नको होतं असं नाय. मला ते घर, तो धंदा, तो चौक, असं सगळं एकदमच गळ्यात नको होतं. दिवसभर आम्ही वर-खाली, वर-खाली करायचो आणि संध्याकाळी बघावं तर जमिनीवर, तिथंच. आणि नाकासमोरनं ट्रक चाललेत. कुणी इंदूरला, कुणी आग्र्याला. मला वाटायचं आपण क्लिनर व्हावं, टपावर बसावं, नदीवर अंघोळ करावी. (पुढं एकदा मी खरंच ट्रकात बसलो. चांदवडच्या घाटात एवढी उलटी झाली की ड्रायव्हरनं मला उतरवून परतीच्या टेम्पोत बसवलं. पण ते नंतर. तवा मला माझ्या पोटाची कल्पना नव्हती.) हे मामाला सांगायची माझी छाती नव्हती. त्याचं तूप माझ्या अंगावर दिसत होतं. आणि मी नाय म्हणलो तर आईला भावाचं दार बंद, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

संगी माझ्याशी बोलायची नाय. मी आत आलो की ती बाहेर जायची, मी बाहेर आलो की आत. माझ्या ताटात वाढायची वेळ आली तर भाजी अशी टाकायची की शिंतोडे माझ्या शर्टावर. मी ह्याचा अर्थ काय काढावा? मी म्हणायचो, लाजते. पोरगी आपल्यावर पार मरते. मी तिच्याबद्दल मनातल्या मनात वाईट वाटून घ्यायचो, की बिचारी माझ्यात एवढी गुंतली आणि आपल्याला तर जायचंय आग्र्याला.

तर एका दुपारी मामीनं गंगापूर रोडच्या एका बाईचे ब्लाऊज शिवून तयार केले. बाई पाचव्या मजल्यावर राहायची, आणि त्याच बिल्डिंगीत आम्ही सकाळपासून लिफ्टवर काम करत होतो. मामी पिशवी घेऊन संगीला पाठवायला लागली आणि मामा सहज म्हणल्यासारखं म्हणाला, "एक्या, तुला तिकडंच जायचंय ना? हिला वर सोड लिफ्टनं. मी जरा कॉलेजरोडची तक्रार बघून येतो." मामा-मामी एकमेकाकडं बघून जे हसले ते मला दिसलं. संगीलाही दिसलं. बसमधनं उतरल्यावर ती माझ्यामागं दहा पावलं सोडून चालत आली, जसं काय मी भोंगा लावलेली गाडी हाय.

लिफ्टमधे शिरलो. मी जाळी ओढली, बटण दाबलं आणि आरशात बघून भांग नीट केला. तिसरा मजला गेला आणि चौथा यायच्या आत लिफ्ट खाड्‌कन थांबली. समोर नुसती भिंत, वर चौथ्या मजल्याची हातभर फट. मी वर बघितलं. दाराच्या डबीची वायर हिसक्यानं तुटून लोंबत होती. कामाचा प्रश्नच नव्हता. गळ्यातला जंपर काढायचा, डबीच्या दोन स्क्रूंना लावायचा, बटण दाबायचं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत काम. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या, जरा जास्तच वर केल्या, आणि म्हणलं, "घाबरू नको. मी हाय ना."

"मी घाबरले नाहीये," संगी म्हणाली. "एकनाथ, ते लगेच लावू नकोस."

तिच्या तोंडातनं माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या मनात लाडू फुटला. मी म्हणलं, आता ही बोलणार. जंपर हातात धरून मी भिंतीला टेकलो, एक पाय मागं दुमडून.

ती ब्लाऊजची पिशवी मांडीवर घेऊन खाली बसली आणि म्हणाली, "घरात एक शब्द बोलता येत नाही. आई मशीन थांबवून ऐकते. म्हणून इथं सांगते. मला तुझ्याशी लग्न नाही करायचं."

आता खरं तर मी उडीच मारायला पायजे होती. मलाही नव्हतंच करायचं. पण माणूस मोठा विचित्र प्राणी हाय. मी म्हणलं, "का? काय वाईट हाय माझ्यात?"

"सांगू?"

"सांग की."

"तू चहा पितोस तो चौकापर्यंत ऐकू जातो. लिफ्टच्या आरशात बघून भांग पाडतोस, आत्ता पण पाडलास. ग्रीसचे हात माझ्या टॉवेलला पुसतोस. आणि सारखा असा बघतोस की जसं काय माझ्यावर उपकारच करणार आहेस."

मी दुमडलेला पाय खाली घेतला. "मला वाटलं तू लाजतेस," मी म्हणलं.

"कशाला लाजू? मला नर्सिंगला जायचंय. बाबा म्हणतात लग्नानंतर जा. लग्नानंतर कोण जातं?" तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "सकाळी उठल्यापासून मला वाटतं खोलीतली हवाच संपलीय. आई ब्लाऊज शिवते ना, तेव्हा मधेच माझं माप घेते. लग्नाचं. मी उभी राहते."

मग मीही बोललो. ट्रकचं सांगितलं, आग्र्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आग्र्यात काय आहे?" मी म्हणलं, "ते गेल्यावर कळंल." ती हसली. मी तिला हसताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि मनात आलं की चांगली पोरगी हाय, आपल्याला करायची नाय म्हणून जास्तच चांगली वाटते.

तेवढ्यात वर चौथ्या मजल्यावर लोकं जमली. फटीतनं चपला दिसायच्या. एक आजोबा ओरडून विचारत होते, "आत किती जण आहेत? श्वास घ्या! खोल श्वास घ्या!" मी ओरडलो, "काम चालू हाय!" मग पाचव्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. "अगं संगीता, माझे ब्लाऊज आत आहेत का?" संगी म्हणाली, "आहेत, काकू." "चुरगळले नाही ना?" "नाही, काकू." "मग ठीक आहे," बाई म्हणाल्या, आणि घरी गेल्या.

"तू सांग ना बाबांना," संगी हळू आवाजात म्हणाली. "मुलगा नाही म्हणाला की प्रश्न मिटतो."

"तूच सांग."

"मी सांगितलं तर म्हणतील पोरीची जात, तिला काय कळतं."

"आणि मी सांगितलं तर म्हणतील खाल्ल्या घराचे वासे मोजतो. माझी आई कुठं जाईल?"

ती पिशवीतले ब्लाऊज पुन्हा नीट लावायला लागली, मी जंपरचा चिमटा उघडझाप करत बसलो. गंमत सांगू? त्या घरात राहायला लागल्यापासून मला जेवढं मोकळं वाटलं नव्हतं तेवढं त्या बंद पेटीत वाटत होतं. वर आजोबा खोल श्वास घ्यायला सांगत होते आणि आम्ही खरंच घेत होतो. शेवटी कुणीतरी फायर ब्रिगेडचं नाव काढलं, तवा मी घाईघाईनं उठलो, जंपर लावला, बटण दाबलं. लिफ्ट वर गेली. टाळ्या वाजल्या. एका आजींनी संगीला पाणी दिलं. मला कुणी दिलं नाय. आणि मी त्या गडबडीत, त्या टाळ्यांत, जिन्यानं खाली उतरून सरळ घरी आलो. जंपर तिथंच. वायर तुटलेली तिथंच. लिफ्ट चालू.

मामा कॉलेजरोडवरनं परस्पर त्या बिल्डिंगीत गेला. त्यानं बघितलं तर दार उघडं असताना लिफ्ट खुशाल वर-खाली फिरतेय आणि कोपऱ्यात लाल चिंधी लोंबतेय. नशीब, कुणाला लागलं नव्हतं. मामानं वायर जोडली, जंपर काढला, वॉचमनकडनं सगळी हकीकत ऐकली आणि घरी आला. मी व्हरांड्यातच होतो. त्याच्या हातात जंपर बघितला आणि माझा हात आपोआप गळ्याकडं गेला.

मामानं आधी एक कानाखाली ठेवून दिली. ती बरोबरच होती, मी पावती दिली असती. मग म्हणाला, "वॉचमन म्हणाला लय वेळ अडकले होते. हा जंपर तवा कुठं होता?"

"गळ्यात," मी म्हणलं.

"सगळा वेळ?"

"हो."

"आणि वायर तुटलेली तुला दिसली नव्हती?"

"दिसली होती."

"कधी?"

"लगेच."

मामानं जंपरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आत मशीनजवळ उभ्या असलेल्या संगीकडं बघितलं. दुसऱ्या कुठल्याही घरात कुणाला काय कळलं नसतं. लिफ्ट बंद पडली, पोरं अडकली, सुटली, एवढंच. पण मामाला माहीत होतं की हातात जंपर असलेला माणूस अडकत नाय, तो बसतो. त्याच्या चेहऱ्यावर हसू असं हळूहळू पसरलं, तेलाचा डाग पसरतो तसं. "अगं ए," तो मामीला म्हणाला, "ऐकलंस का? ही दोघं लिफ्टमधे मुद्दाम बसली होती. गप्पा मारत!" मामीनं मशीनवरनं हात काढून तोंडावर ठेवला. संगी म्हणाली, "तसं नाहीये, बाबा." मामी म्हणाली, "आम्हीसुद्धा असंच म्हणायचो." मी म्हणलं, "मामा, खरंच तसं नाय." मामानं माझ्या त्याच गालावर हात फिरवला. "लाजू नको, मर्दा," म्हणाला, आणि बंडूला पेढे आणायला पिटाळलं.

त्या पेढ्यापासून आम्ही मेलो. लग्न दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न लागलं की लगेच, असं ठरलं. संगी रडली तर मामी म्हणायची, माहेर सुटणार म्हणून रडते. आता ती काय वेशीबाहेर चालली होती? तिला आतल्या खोलीतनं बाहेरच्या खोलीत यायचं होतं. मी जेवलो नाय तर म्हणायचे, प्रेमात भूक लागत नाय. मी जास्त जेवलो तर म्हणायचे, खूश हाय. मी एकदा धीर करून मामाला म्हणलं, "मला ट्रकवर जायचंय." मामा एवढा हसला की त्याला ठसका लागला. हा माझा जन्माचा शाप. मी बोललो की लोकं हसतात. लहानपणी विहिरीत पडून वाचवा म्हणून ओरडलो होतो, तवाही आधी सगळे हसले आणि मग दोरी टाकली. संगी परवाच फोनवर म्हणाली की गोष्टीच्या ह्या भागात तू स्वतःला फार बिचारा दाखवतोस, त्या दिवसांत तुझं वजन वाढलं होतं. वाढलं होतं. तूप होतं ना.

दिवाळीला आई आली. भाऊबीजेला भावाला ओवाळायला दरवर्षीच यायची, ह्या वेळी नवं पातळ नेसून आली. एस.टी.तनं उतरल्यापासून तिचं तोंड मिटत नव्हतं. संगीला जवळ घेऊन तिच्या हनुवटीला हात लावायची आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढायची. मला म्हणाली, "आते मी सुखमा मरसू." मी गुपचूप चकली खाल्ली. चकलीचा आवाज तरी झाला.

भाऊबीजेच्या सकाळी पाट मांडले, रांगोळी काढली. आधी आईनं मामाला ओवाळलं. ती ओवाळताना मामाच्या डोळ्यात दरवर्षी पाणी यायचं, ह्याही वर्षी आलं. मग संगीनं बंडूला ओवाळलं. बंडू लाडू खात तसाच पाटावर बसून राहिला. संगी ताट घेऊन उठायला लागली. तिनं माझ्याकडं बघितलं नाय. तिची मान अशी खाली होती की जसं कुणी वरनं हात ठेवलाय. मी काय ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर मी नक्की पळालो असतो. मी कॉटखालचा दुसरा पाट ओढला, जिथं जागा दिसली तिथं टाकला, टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल घातला आणि मांडी घालून बसलो. म्हणलं, "संगे, मला पण ओवाळ."

सगळे हसले. अर्थात हसले. मामी म्हणाली, "अहो जावईबापू, सणासुदीची असली चेष्टा नका करू." बंडूच्या तोंडातला लाडू उडाला. मामा मांडीवर थाप मारून म्हणाला, "हा एक दिवस मला हसवून मारणार!" होणाऱ्या बायकोकडनं भाऊबीज, ह्याच्यापेक्षा मोठा विनोद त्या घरात कधी झालाच नव्हता. मी हसलो नाय. माझ्या लक्षात आलं की न हसता बसणं किती अवघड असतं, सवय नसली की.

संगी उभीच होती. मग ती माझ्यापुढं बसली. करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळावर टेकलं. थोडं कुंकू नाकावर सांडलं. तिनं अक्षता लावल्या. सुपारी फिरवली. तबक उचललं आणि ओवाळायला लागली.

हसणं एकदम थांबलं नाय. आधी बंडूचं थांबलं, मग मामीचं, सगळ्यात शेवटी मामाचं. एकदा ओवाळलं की ओवाळलं, ते काय पुसता येत नाय, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. बाहेर एक ट्रक हॉर्न देत गेला. निरांजनाची ज्योत माझ्या तोंडापुढं फिरत होती आणि मला फक्त मामाचे पाय दिसत होते. वर बघायची हिंमत नव्हती. ओवाळून झालं. आता तबकात ओवाळणी टाकायची. मी खिशात हात घातला. एक स्क्रूड्रायव्हर निघाला. दुसऱ्या खिशात सुपारीचं खांड. मी तसाच बसलो, हात खिशात आणि तबक पुढं.

माझ्या खांद्याशी बांगड्या वाजल्या. आई होती. तिनं पदराची गाठ सोडली, आतली घडी केलेली नोट काढली आणि माझ्या मुठीत कोंबली. ती भावाकडं बघत नव्हती. माझ्याकडं पण नाय. "ताटमा टाक," एवढंच म्हणाली.

मी टाकली. आई भिंतीला टेकून उभी राहिली, पदर तोंडाशी धरून, जसं काय आता भाऊ सांगेल त्या एस.टी.नं तिला परत जायचंय. मामाचे पाय हलले. तो माझ्याजवळ आला. मी गाल पुढं केला, कुठला गाल ते त्याला ठरवू दिलं.

मग त्याचा आवाज आला, कामावर मला शिव्या देताना असतो तसलाच.

"अरे गाढवा," तो म्हणाला, "दक्षिणेकडं तोंड करून कोण बसतं? भावाला असं ओवाळतात का? फिर तिकडं. संगे, पुन्हा ओवाळ त्याला."

मी पाटासकट फिरलो.